सर्कल आलं की शिकणाऱ्याच्या हातून गाडी काढून घेऊ नका

प्रति,
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि आसपासच्या उपनगरांतल्या मोटार ट्रेनिंग स्कूलचे सर्व प्रशिक्षक

मी मोटार विम्याचा सर्व्हेयर आहे. अपघात झालेली गाडी गॅरेजला लागली की ती बघायला जायचं, कुठे किती लागलंय त्याची नोंद करायची आणि मालकाने क्लेम फॉर्मवर लिहिलेली हकीकत गाडीवरच्या खुणांशी जुळते का ते तपासायचं, हे माझं काम. हायवेवर मागून ठोकलेल्या गाडीचा फॉर्म समजायला सोपा असतो. सोसायटीच्या खांबाला घासलेल्या गाडीचाही. सर्कलवरच्या टकरीचा फॉर्म मात्र जवळपास दर वेळी एकाच वाक्यात संपतो: मी सर्कलवरून सरळ जात होतो, अचानक दुसरी गाडी आली आणि धडकली. कुठून आली? तुम्ही गोलात आधीपासून होता की शिरत होता? आतल्या लेनमध्ये होता की बाहेरच्या? इंडिकेटर कोणता चालू होता? एवढं विचारलं की समोरचा माणूस गोंधळतो. तो काही लपवत नसतो. चूक कोणाची हे या प्रश्नांवर ठरतं, हेच त्याला कधी कोणी सांगितलेलं नसतं. ही माणसं बहुतेक तुमच्यासारख्यांकडे शिकलेली असतात, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय.

तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. ज्याने कधी क्लच दाबलेला नाही अशा माणसाला घेऊन एस. व्ही. रोडवर किंवा एल. बी. एस. मार्गावर उतरायचं, त्याची भीती सांभाळायची, मागून वाजणारे हॉर्न ऐकून घ्यायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा नव्या माणसापासून सुरुवात करायची, हे सोपं नाही. तरीही माझी तक्रार आहे आणि ती स्पष्ट सांगतो. सर्कल आलं की तुमच्यापैकी बरेच जण गाडी स्वतःकडे घेतात. तुमच्या बाजूच्या पेडलवर तुमचा पाय जातो, स्टिअरिंगवर तुमचा हात येतो, "घाबरू नका, मी आहे" म्हणत गाडी गोलातून पार होते आणि पलीकडच्या रिकाम्या रस्त्यावर शिकणाऱ्याला परत मिळते. एकवीस दिवसांचा क्लास संपतो, परीक्षा होते, लायसन्स हातात येतं. त्यानंतर तो माणूस पहिल्यांदा एकटा सर्कलला पोचतो, तेव्हा तिथे खरं तर तो पहिल्यांदाच गाडी चालवत असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 31 व्या नियमात तुमचा अभ्यासक्रम दिलेला आहे. खासगी वाहनासाठी किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास. चौकातून गाडी कशी न्यायची, आधी आरसा मग सिग्नल मग वळण हा क्रम, वाहनांच्या प्रवाहात मिसळणं आणि त्यातून बाहेर पडणं, हे सगळं त्यात आहे. 15 व्या नियमात परीक्षेत काय पाहायचं ते सांगितलंय. योग्य वेळी योग्य सिग्नल देणं आणि वळण्याआधी आरसा वापरणं त्यातही आहे. म्हणजे मी तुमच्याकडे काही जास्तीचं मागत नाही. या सगळ्या गोष्टी एका मिनिटात एकत्र कराव्या लागतात अशी आपल्या रस्त्यांवरची जागा म्हणजे सर्कल.

आधी कोणी जायचं, या मूळ प्रश्नापासून सुरुवात करू. 1989 च्या रस्ता वाहतूक विनियमांतला नववा नियम सांगायचा की चौकात शिरताना, समोरचा रस्ता मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला नसेल तर, आपल्या उजवीकडून येणाऱ्या सगळ्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे सर्कलला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. गोलात आधीपासून फिरणारी प्रत्येक गाडी शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते. उजवीकडच्याला आधी जाऊ द्या आणि गोलातल्याला आधी जाऊ द्या, हे आपल्याकडे एकच झालं. 2017 मध्ये त्या विनियमांच्या जागी नवे मोटार वाहन चालन विनियम आले, तरी हे तत्त्व बदललं नाही.

हे उलटं असलं तर काय होतं ते फ्रान्समध्ये दिसलं. तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि तिथेही पूर्वी उजवीकडच्याला प्राधान्य होतं. त्यामुळे तिथल्या सर्कलमध्ये शिरणारा आधी जायचा आणि आत फिरणारा थांबायचा. आतला थांबला की बाहेर पडायची वाट अडते, वाट अडली की पूर्ण गोल जागच्या जागी घट्ट होतो. शेवटी 1984 मध्ये त्यांनी नियम उलटा केला आणि त्यानंतर तिथे हजारो सर्कल बांधली गेली. ब्रिटनने हेच 1966 च्या नोव्हेंबरमध्ये ठरवलं होतं. आपल्याकडे नियम पहिल्यापासून बरोबर बाजूला आहे. तरी संध्याकाळी सर्कल घट्ट होतं, कारण शिरणारा थांबत नाही. आणि तो थांबत नाही, कारण तुमच्याच गाडीत त्याने ऐकलेलं असतं: "हॉर्न द्या आणि घुसा, तो थांबेल. आपण थांबलो तर थांबूनच राहू." हे वाक्य कृपा करून बंद करा. ज्याने थांबायचं तोच पुढच्याच्या थांबण्यावर विसंबून शिरला की माझ्याकडे एक फॉर्म येतो.

आता लेनबद्दल. मुलुंड पश्चिमेचा पाच रस्ता घ्या. मुलुंडची आखणी 1922 मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी केली आणि स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत सरळ रेषांचं जाळं घातलं. जिथे पाच रस्ते एकत्र येतात तिथे "सरळ" या शब्दाला अर्थ उरत नाही. कोणाचं सरळ? माझ्या फॉर्मवर मात्र प्रत्येक जण सरळच जात असतो. म्हणून शिकणाऱ्याला सरळ, डावीकडे, उजवीकडे असं न सांगता आपल्याला कितव्या तोंडाने बाहेर पडायचंय ते शिरण्याआधी मोजायला लावा. पहिल्या तोंडाने बाहेर पडायचं असेल तर सुरुवातीपासून डावी लेन आणि डावा इंडिकेटर. मधल्या तोंडाने जायचं असेल तर शिरताना इंडिकेटर नको, साधारण डावी लेन, आणि आधीचं तोंड मागे पडलं की डावा इंडिकेटर. शेवटच्या तोंडाने जायचं असेल किंवा वळून परत यायचं असेल तर उजवा इंडिकेटर देऊन आतली लेन, आणि आपल्या आधीचं तोंड ओलांडलं की डावा इंडिकेटर देत, डावा आरसा पाहत बाहेरच्या लेनमध्ये येऊन निघायचं.

बाहेर पडतानाचा हा डावा इंडिकेटर आपल्या उपनगरांतून जवळजवळ नाहीसा झालाय. तो फक्त आपल्यासाठी नसतो. पुढच्या तोंडाशी थांबलेल्या रिक्षावाल्याला तो सांगतो की ही गाडी निघतेय, तू ये. तो इंडिकेटर नसला की थांबलेला माणूस एक तर उगाच थांबून राहतो, नाहीतर अंदाजाने शिरतो. त्याच्या जागी आपल्याकडे भलतीच पद्धत रुजली आहे, सरळ जायचं म्हणून चारही दिवे लावायची. ते दिवे बंद पडलेल्या किंवा अडकलेल्या गाडीसाठी असतात. ते लावून चालणाऱ्या गाडीचा डावा-उजवा इंडिकेटर कोणालाच दिसत नाही आणि बाजूच्याला तिचा एकच दिवा दिसला तर ती वळतेय असा त्याचा समज होतो. नव्याने शिकून आलेली मुलंही हे करतात, म्हणजे कोणीतरी त्यांना ते शिकवतंय. दुचाकीचं अजून एक: बहुतेक स्कूटरचा इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होत नाही. अर्धा गोल मागे पडला तरी उजवा दिवा लुकलुकत राहतो आणि ती बाहेर पडू लागली की मागच्याला धक्का बसतो.

आता जे मी रोज पाहतो त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चूक कोणाची याचा निकाल आपल्याकडे रस्त्यावर लागतो आणि बऱ्याचदा चुकीचा लागतो.

रस्त्यावरचा पहिला न्याय असा की ज्याच्या गाडीचं तोंड फुटलं त्याने ठोकलं, म्हणजे चूक त्याची. सर्कलला हे चालत नाही. शिरणारी गाडी गोलातल्या गाडीच्या डाव्या दारावर आदळली तर तोंड शिरणाऱ्याचं फुटतं आणि चूकही सहसा त्याचीच असते. पण तीच गाडी थोडी आधी, वाट न देता पुढ्यात घुसली, तर गोलातल्या माणसाचा बंपर तिच्या उजव्या फेंडरवर बसतो. आता फुटलेलं तोंड गोलातल्याचं आहे आणि जमलेली माणसं त्यालाच पकडतात. आधी जाण्याचा हक्क त्याचा होता, हे तिथे कोणी बोलत नाही, कारण ते कोणाला माहीत नसतं. शेवटी ज्याची चूक नव्हती तोच नुकसान भरून देतो.

दुसरी टक्कर जास्त गुंतागुंतीची. आतल्या लेनमधली गाडी बाहेर पडायला डावीकडे येते आणि बाहेरच्या लेनमधल्या गाडीला घासते. एकीची डावी बाजू, दुसरीची उजवी. वरवर पाहता लेन बदलली आतल्याने, तर चूक त्याची. आरसा न बघता तो आडवा आला. पण बाहेरच्या लेनमधला कुठे निघाला होता हेही विचारायला हवं. त्याला शेवटच्या तोंडापर्यंत जायचं असेल आणि तो उजवा इंडिकेटर न देता कडेकडेने पूर्ण गोल फिरत असेल, तर आतल्याने तो याच तोंडाने निघेल असं समजण्यात गैर काही नव्हतं. इथे चूक दोघांत वाटली जाते. फक्त पत्र्याचं नुकसान असेल तर ही गोष्ट गॅरेजच्या बिलावर संपते. कोणी जखमी झालं तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातं आणि जखमीची स्वतःचीही चूक होती असं ठरलं तर त्याची भरपाई तेवढ्या प्रमाणात कापली जाते. तुमच्याकडे न शिकलेल्या एका इंडिकेटरची किंमत कधी कधी एखाद्या घराला अशी मोजावी लागते.

आणि मग दुचाकीस्वार. गोलाच्या अगदी डाव्या कडेने, सगळ्यांच्या बाहेरून पुढच्या तोंडाकडे निघालेला स्कूटरवाला, आणि त्याच्या उजवीकडून पुढे जाऊन त्याच्यासमोरच डावीकडे वळून निघणारी गाडी. ही टक्कर मी सगळ्यात गंभीर मानतो, कारण तिच्यात पत्र्यापेक्षा हाडं जास्त मोडतात. त्याहून वाईट म्हणजे बसच्या बाजूला अडकणं. लांब बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत जात नाही, ते वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातं. गोलात फिरताना ते मधल्या कट्ट्याकडे सरकतं, बाहेर पडायला बस डावीकडे वळली की डाव्या कडेकडे. बेस्टच्या ड्रायव्हरने वळण मोठं घेतलं की मागची माणसं चिडतात, पण त्याला मागचं चाक सांभाळायचं असतं. बसच्या पुढच्या दारापाशी जागा दिसली तरी मागच्या चाकापाशी ती उरणार नाही, हे शिकणाऱ्याला शब्दांत कळत नाही. एकदा बसच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून गोल फिरवून दाखवा, लगेच कळेल.

रस्त्यावरचा दुसरा न्याय म्हणजे मोठी गाडी दोषी, आणि तिसरा अगदी उलट, रिक्षावाला दोषी. कोणता लागू होईल ते जमलेल्या माणसांवर अवलंबून. रिक्षावाल्याची दिवसाची कमाई बुडालेली असते, तो लगेच मिटवायला तयार होतो. गाडीवाल्याला नो क्लेम बोनस वाचवायचा असतो. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून चढत तो 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेमने जातो. म्हणून तोही खिशातून पैसे देतो. दोघेही निघून जातात. कोणत्या तोंडाशी, कोणत्या लेनमध्ये, कशामुळे, याची नोंद कुठेच होत नाही आणि पुढच्या आठवड्यात तिथेच दुसरे दोघे आदळतात.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. रस्त्यावर पट्टेच दिसत नाहीत, पावसाळ्यात उरलेलेही धुऊन जातात, निम्म्या लेनमध्ये रिक्षा उभ्या, वळणावर टेम्पो उतरवला जातोय, मग लेन शिकवायची कुठे? हे खरं आहे. महापालिकेने पट्टे वेळच्या वेळी मारले पाहिजेत आणि वाहतूक पोलिसांनी सर्कलच्या तोंडाशी उभी वाहनं हटवली पाहिजेत. त्यांच्याकडेही माझी ही मागणी आहे. पण पट्टा पुसला म्हणून जागा पुसली जात नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी फिरू शकतील एवढा रस्ता असेल तर तिथे आतली आणि बाहेरची अशा दोन वाटा असतातच. जुहू सर्कलसारख्या ठिकाणी सिग्नल बंद पडला तर तो चौक लगेच पुन्हा गोल होतो, आणि तेव्हा चालकाच्या डोक्यातल्या लेनशिवाय दुसरा आधार नसतो. पवईत हिरानंदानीतल्या गोलांवर गर्दी कमी असते तेव्हा सकाळचा एक धडा तिथे घ्या. तिथे घेतलेला धडा मोठ्या सर्कलवर उपयोगी पडतो.

म्हणून माझ्या विनंत्या. सर्कल आलं की पाय ब्रेकवर तयार ठेवा, पण गाडी शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. गाडी बंद पडेल या भीतीने तुम्ही ती स्वतःकडे घेता, तर शिकणाऱ्याला गोलाच्या आधी दुसरा गिअर टाकायला शिकवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1976 च्या मार्गदर्शिकेत शहरातल्या सर्कलसाठी ताशी 30 किलोमीटर वेग धरला होता. त्या वेगात आरसा आणि इंडिकेटर दोन्हींसाठी वेळ मिळतो. काही गाड्यांत मधला आरसा प्रशिक्षकाकडे वळवलेला असतो. तुम्हाला आरसा हवाच, तर दुसरा बसवा; शिकणाऱ्याचा आरसा शिकणाऱ्यालाच दिसायला हवा. वेळापत्रकात निदान दोन पूर्ण धडे सर्कलसाठी ठेवा, एक रिकाम्या वेळी आणि एक गर्दीच्या वेळी, आणि प्रत्येक तोंडाने एकदा तरी बाहेर पडायला लावा. गोलाच्या तोंडाशी शिकणारा थांबून उजवीकडे बघत असेल आणि मागून हॉर्न वाजत असतील, तर त्याला घाई करू नका. त्या वेळी तो बरोबर वागतोय, हे त्याला तिथेच मोठ्याने सांगा. महिला शिकणाऱ्यांना ते विशेष सांगा. नियमाने थांबल्या की त्यांनाच सर्वांत जास्त टोमणे ऐकावे लागतात आणि मग त्याही न थांबता शिरायला शिकतात.

अजून एक. टक्कर झालीच तर काय करायचं हेही त्याच धड्यात सांगा. जखमीला आधी दवाखान्यात. कोणाला लागलं नसेल तर गाड्या हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, त्यात गोलाचा मधला कट्टा आणि जवळचं तोंड दिसलं पाहिजे, चाकं कोणत्या बाजूला वळलेली आहेत ते दिसलं पाहिजे. मग गाड्या बाजूला घ्या, मागच्यांना जाऊ द्या. आणि फॉर्मवर "सरळ जात होतो" न लिहिता मी अमुक तोंडाने शिरलो, अमुक तोंडाने निघणार होतो, अमुक लेनमध्ये होतो, अमुक इंडिकेटर चालू होता, एवढं लिहा. ही चार वाक्यं ज्याला लिहिता येतात त्याला सर्कल कसं चालवायचं तेही येतं, असं माझं निरीक्षण आहे.

माझ्याकडे अशा टकरींच्या खुणांचे फोटो आहेत. नंबरप्लेट आणि नावं झाकून मी ते दाखवू शकतो. कोणत्या डेंटवरून कोण कुठून शिरलं ते कसं ओळखायचं, हे अर्ध्या तासात समजावता येतं. तुमच्यापैकी ज्या स्कूलला हवं असेल तिथे रविवारी सकाळी मी येईन. मानधन नको, फक्त एक भिंत आणि समोर बसलेले शिकणारे हवेत. शक्य असेल तर त्यानंतर जवळच्याच सर्कलला जाऊ आणि स्टिअरिंग त्यांच्याच हातात ठेवू.

आपला नम्र,
एक मोटार विमा सर्व्हेयर
घाटकोपर (पूर्व), मुंबई